ऊन खायला जाणारे मामा

घरात कुणी मेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही, अंगात ताप नाही, आणि तरीही रजा काढतो असा नोकरदार अख्ख्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि ते माझे सख्खे मामा. मामा वाशीमच्या बसस्थानकावर कंट्रोलर. आवाज असा की भोंगा बिघडला तरी प्रवाशांना पत्ता लागत नसे. हा आवाज ते घरीही सोबत आणत. मामींना भूक लागल्याचं सांगायचं तर ओसरीवरून पुकारा व्हायचा, "लक्ष द्यावे! भाकरीला उशीर होऊन राह्यला!" आणि मामी चुलीपासूनच उत्तर द्यायच्या, "गाडी रद्द झाली म्हणून सांगा!" गल्लीतली पोरं या दोघांच्या बोलण्यावर घरच्या घड्याळाची वेळ लावत. पण हा माणूस सगळी रजा कंजुषासारखी गाठीला बांधून ठेवी. साडूच्या घरी माती झाली तेव्हा मामा खाकी गणवेशातच दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जाऊन, खांदा देऊन परत खिडकीत येऊन बसले. लोक नावं ठेवू लागले तर म्हणाले, "रजा पौषाची हाये. मेलेल्या माणसाले समजते ते, तुमाले समजत नाही."

आणि पौष लागला की मामा जात कुठं? साहेब लोक उन्हाळ्यात थंड हवा खायला डोंगरावर जातात, आमचे मामा थंडीत ऊन खायला मेडशीला जात. मेडशीच्या रानाला लागून त्यांच्या एका शाळासोबत्याचं वावर होतं. वावराच्या टोकाला तळं, तळ्यापलीकडे सागाचं जंगल, आणि अलीकडे तुराट्यांची एक खोपडी. तिथं महिनाभर मुक्काम. स्वतःची सुतळीची बाज ते वाशीमहून एसटीच्या टपावर टाकून नेत. दर वर्षी कंडक्टर विचारी, "मामा, बाजीचं हाफ काढू का फुल?" आणि दर वर्षी मामा सांगत, "हाफ काढ. अजून चारी पायावरच हाये ते."

ऊन खाणं म्हणजे काय ते मामांकडून शिकावं. सकाळी पाठ, मग पोटऱ्या, मग तळपाय, आणि शेवटी डोळे मिटून तोंड. सावली जशी फिरे तशी बाज फिरे. दिवस मावळेपर्यंत खोपडीला एक प्रदक्षिणा पुरी होई. तळ्यावर बदकं उतरत, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून आलेली. ती मोजायची नाहीत, नावं विचारायची नाहीत, नुसती पाहायची. मामा म्हणत, "हे पाखरं पाह्य. एवढ्या दुरून उडून आपल्या मेडशीले हवापालट कराले येतात. अन् आपल्या वाशीमच्या माणसाले मेडशीच्या स्टॉपवर उतराले सांगा, तो म्हणते तिथं हाये काय?"

मला हे सगळं बिलकूल मान्य नव्हतं. मी तेव्हा मजुरांच्या संघटनेची पत्रकं काढत असे. दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून फोडून ज्यांच्या तळहातांची साल गेली ते लोक अजून पुरते सावरले नव्हते, आणि माझा स्वतःचा मामा बाजेवर पडून बदकं पाहत होता! मी एकदा खोपडीवर जाऊन त्यांना तोंडावर सुनावलं. समोरच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. मी म्हणालो, "मामा, ऊन तेच हाये. त्या बायायच्या पाठीवर पडते तेव्हा त्याले कोणी हवापालट म्हणत नाही. मजुरी म्हणतात, अन् तेही बुडवतात." मामांनी एक डोळा उघडला. "मंग त्यायलेबी रजा मिळवून दे ना, पुढारी. म्या कुठं नाही म्हटलं?" आणि कूस बदलून दुसरी बाजू शेकायला घेतली. अशा माणसाशी वाद घालता येत नाही. याच्यावर पत्रकसुद्धा काढता येत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ताई माहेरी आली होती. मानोऱ्याला दिलेली माझी मोठी बहीण. तिचं पहिलं बाळ जन्मलं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. त्यानंतर ताईनं बोलणं सोडलं. हो, नाही, नको, एवढंच. वेणी घातली नाही, भाकरी समोर ठेवली तर तुकडा मोडून तसाच हातात धरून बसायची. जी बाई यायची ती विचारायची, काहून बोलत नाही व? काहून जेवत नाही? किती दिवस असंच? अकोल्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. ताई झोपली, उठली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. मग तिच्या सासूचा निरोप आला, होळीच्या आत सून बोलती झाली नाही तर पोराचं दुसरं पाहावं लागेल.

या देशात हात मोडला तर डॉक्टर सर्टिफिकेट देतो आणि साहेब रजा देतो. मन मोडलं तर बाईला भगताकडे नेतात. आमच्या घरानं सगळे देव कधीच सोडले होते, तरी शेजारच्या बाया आईच्या कानाशी लागल्याच. मी ओसरीवरच भाषण ठोकलं. भगत म्हणजे लूट, भगत म्हणजे अज्ञान, ताईला तिथं नेलं तर मी दारात आडवा पडेन. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं बापा, नाही नेत. मंग करू काय ते सांग." मी खाली पाहून चपला शोधू लागलो.

उत्तर मामांनी दिलं. पौषाची रजा लागली त्या दिवशी गणवेशातच आले, उभ्या उभ्या पाणी प्यायले, म्हणाले, "पोरीचं गाठोडं बांध. दीडची मेडशी हाये." मी भडकलो. "मामा, तिचं लेकरू गेलं अन् तुमी तिले बदकं दाखवाले नेता?" मामा म्हणाले, "तू तिले काय दाखवून राह्यला? भिंत?"

मामी सोबत गेल्या. खोपडीवर मामांचा एक कायदा होता, तिथं 'काहून' विचारायचं नाही. बाराही महिने स्थानकाच्या खिडकीशी सारी दुनिया त्यांना विचारी, गाडी काहून नाही आली, काहून भरून गेली, काहून थांबत नाही. म्हणून मेडशीत हा शब्द बंद, आणि जो तोंडातून काढील त्यानं तळ्यावरून घागर भरून आणायची. मी रविवारी पीठ घेऊन गेलो तेव्हा पहिल्या तासातच मला तीन खेपा पडल्या. ताईला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. मामी तुरीच्या शेंगा उकडून तिच्या पुढ्यात ठेवत आणि स्वतः सोलायला बसत. मामा तिची बाज उन्हात सरकवत. कुणी समजूत घालत नव्हतं, रड म्हणत नव्हतं, विसर म्हणत नव्हतं. ताई दिवसभर पाण्याकडे पाहायची. मला तो सगळा वेळ वाया चालल्यासारखा वाटत होता, आणि होळी तर दर दिवशी एक दिवस जवळ येत होती.

सोमवारी सकाळी धुकं एवढं दाट पडलं की खोपडीतून तळं दिसेना. ताई चुलीपाशी शेकत बसली होती, मी गोधडीत होतो. मामा बाहेर बाजेवर घोंगडं घेऊन झोपलेले. इतक्यात ते झोपेतच ताडकन उठून बसले आणि त्या धुक्यात पूर्ण आवाजात गरजले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! मालेगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे! ताबडतोब सुटत आहे!" आणि परत आडवे होऊन घोरू लागले.

तळ्याच्या पाळीवरून पलीकडच्या तांड्याचे लोक डांबरी सडकेकडे जायचे. मालेगावच्या बाजारासाठी निघालेले लोक त्या धुक्यात चाचपडत चालले होते, त्यांच्या कानावर हे पडलं. आधी धुक्यातून खोकला आला, मग कोंबडी ओरडली, मग धावती पावलं, आणि पाहता पाहता डोक्यावर बोचकी घेतलेली सात-आठ माणसं आमच्या खोपडीपुढे रांग लावून उभी राहिली. सरकारी आवाज ओळखीचा होता, त्यामुळे फलाट कुठं आहे अशी शंका कुणाला आली नाही. पुढच्या म्हाताऱ्यानं धापा टाकत, जागी दिसत होती म्हणून ताईला विचारलं, "बाई, गाडी लागली काय व?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. बगलेतल्या कोंबडीकडे पाहिलं. मग घोंगड्याच्या ढिगाकडे पाहिलं.

"लागली," ताई म्हणाली, "पण डायवर झोपला हाये."

मी गोधडीत तसाच राहिलो. हलायची भीती वाटत होती.

"मंग उठव ना मेल्याले!" मागची एक म्हातारी ओरडली. "बजार बुडते आमचा!" आणि तिनंच पुढं होऊन घोंगडं ओढलं. मामांनी डोळे उघडले तर बाजेभोवती गर्दी, बोचकी, आणि चहूबाजूंनी तोच प्रश्न, गाडी काहून नाही? हा माणूस मेडशीच्या रानात पडला आहे, रजेवर आहे, हे त्या क्षणी त्यालाही आठवलं नाही. अंगवळणी पडलेलं उत्तर तोंडातून निघालं, "धा मिनिटात येते. गडबड करू नका."

ताई हसली. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते हसण्याचं राहिलं नाही, पण ते कुणी थांबवलं नाही. ती म्हातारी तिच्याजवळ बसली आणि मामींना म्हणाली, "चाहा टाक माय, गाडी तं येत नाही आता." धुकं उठेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. शिव्या मामांना मिळाल्या, त्याही आवडीनं.

एका सकाळीत माणूस बरा होतो असं मी लिहिणार नाही, खोटी आश्वासनं देणाऱ्यांविरुद्ध मी पुष्कळ पत्रकं काढली आहेत. मंगळवारी ताई पुन्हा गप्प होती. बुधवारी तिनं मामींकडे फणी मागितली. पुढच्या रविवारी गेलो तर ती तळ्याला चक्कर मारून आली होती, आणि माझ्या हाताला लागलेली छपाईची शाई पाहून म्हणाली, "या हातानं भाकरी खातं काय तू?" एवढं मोठं वाक्य ऐकून मी हात धुऊन आलो.

पुढं ताई मानोऱ्याला गेली, नांदते आहे. थंडीत कधी चार दिवस तिचं मन पडतं, मग निघतं. मी संघटनेच्या बैठकीत मागणी मांडली की मजुराला हिवाळ्यात पगारी रजा मिळाली पाहिजे. सगळे हसले, आधी मजुरी तर मिळू दे म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. मानोऱ्याकडचे कित्येक तांडे पौषात रिकामे असतात, माणसं दूर कुठं ऊस तोडत असतात, त्यांना कुठली बदकं अन् कुठलं तळं. पण मागणी मी मागं घेतलेली नाही. भाकरीइतकीच ती खरी आहे, हे मी मेडशीत पाहिलं.

पाहिलं ते असं. त्या वर्षीचा पौष सरत आला होता, होळीला अजून दीड महिना होता. भाऊजी एकटेच सायकल हाकत खोपडीवर आले. त्यांच्या आईचा निरोप घेऊन आले की आपल्या मनानं आले, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. ताईसमोर उकिडवे बसले आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागले. मी समाजाच्या दुटप्पीपणाबद्दल चार शब्द बोलणारच होतो, तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला आणि मला फरपटत तळ्याच्या पार दुसऱ्या कडेला नेलं. "आता इथंच बस. तोंड पाण्याकडे ठेव."

मी तोंड पाण्याकडे ठेवलं नाही. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. एवढ्या लांबून ऐकू काही येत नव्हतं, पण ताई बोलत होती. पुष्कळ वेळ बोलत होती. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि तसेच हवेत धरून ठेवले. भाऊजींनी बाळाला पाहिलं नव्हतं, त्यांना बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं, हे मला पुढं कळलं. त्यांच्या हातातली काडी गळून पडली. थोड्या वेळानं त्यांनी आपले दोन्ही हात उचलून तिच्या हातांशेजारी तसेच धरले. ताईनं ते किंचित जवळ आणून नीट केले.

"मामा," मी हळूच विचारलं, "नेईल काय हो तो तिले?"

ओरडून ओरडून खरखरीत झालेला मामांचा गळा, त्यातून एवढा बारीक आवाज निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बसू दे त्यायले," ते म्हणाले. "ऊन हाये अजून."