बॅटरीवरचं तूप

आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर घालणं म्हणजे म्हशीला डबक्यातून उठवण्याचा उद्योग. म्हणून पाऊस लागला की ट्रॅक्टर गोठ्यात जायचा तो थेट दसऱ्याला बाहेर यायचा. मधले चार महिने त्याची बॅटरी जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ते काम मीच ओढवून घेतलं होतं, त्यामुळे कुरकुर करायलाही जागा नव्हती.

नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला कारकून होतो. गाव देवळीपासून पायी पाऊण तासावर. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहत. जेवण शेजारी माझ्या चुलतभावाकडे, कामाला बैलजोडी. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मी हट्ट धरला की जोडी विका, एक जुना ट्रॅक्टर घेऊ, चुलतभाऊ चालवील.  महिनाभरानं बाबा एका बाजाराला बैल नेऊन विकून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. ट्रॅक्टर आला तो त्याच गोठ्यात, त्याच खुंट्यांच्या मध्ये उभा राहिला.

तेव्हापासून पावसाळ्यात दर दुसऱ्या रविवारी माझी वारी सुरू झाली. सकाळची बस, मग चिखल तुडवत गाव. बॅटरीची झाकणं उघडायची, पाणी कमी असेल तर बाटलीतलं बॅटरीचं पाणी घालायचं, टर्मिनलवर आलेली पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची, इंजिन अर्धा तास चालवायचं आणि शेवटची बस गाठायला पळायचं. किल्ली मी खिशात घालून वर्ध्याला नेई, कारण दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नसे. आणि इतकं करूनही पुढच्या खेपेला बॅटरी अर्धमेलीच असायची, इंजिन कसंबसं सुरू व्हायचं.

पहिल्याच वर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी गेलो तर दोन्ही टर्मिनल पिवळीधमक. बोट लावून पाहिलं तर तूप आणि हळद. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढलेला खांदा शेकून त्याला तूप-हळद चोळतात. बैल नव्हते, म्हणून बाबांनी बॅटरीलाच चोळलं होतं. चुलतभावानं हसत सांगितलं की नुसतं चोळलं नाही, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं रीतसर आमंत्रणही दिलं.

मला हसू आलं नाही. चार तास प्रवास करून मी बॅटरी साफ ठेवायची आणि यांनी तिला तेलकट करायची! मी बाबांसमोरच सोड्याचं गरम पाणी ओतलं. फेस आला आणि बघता बघता हळद लालभडक होऊन खाली ओघळली. सोड्यानं हळद लाल होते हे मला ठाऊक होतं. बाबांना नव्हतं. ते त्या लाल पाण्याकडे पाहत राहिले आणि काठी टेकत आत गेले. मी तेव्हा त्यांना काही समजावून सांगितलं नाही. बस चुकली असती.

त्या दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला, झेंडूची माळ घातली, किल्ली फिरवली. नुसतं ‘टक’ झालं. शेवटी आठ-दहा जणांनी गल्लीतून ढकलत नेला तेव्हा सुरू झाला. पोरंसोरं मागून टाळ्या पिटत होती. त्या दिवशी बाबा ओट्यावरून म्हणाले, “तीन दसरे पाहीन. तिन्ही खेपेस ढकलाच लागला तं हे लोखंड जाईन अन् जोडी येईन.”

मी हो म्हणालो. पण जोडी आली असती तर तिच्यामागे कोण चालणार होतं? बाबांना चालवत नव्हतं, चुलतभावाला स्वतःचीच शेती होती. नोकरी सोडून मला गावी परत यावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दसऱ्यालाही ढकलावाच लागला. आता मात्र माझं धाबं दणाणलं. बॅटरी काढून सायकलला बांधली आणि देवळीच्या चार्जिंगवाल्याकडे नेली. त्या म्हाताऱ्यानं काचेच्या नळीत ॲसिड ओढून पाहिलं, मग टर्मिनलवरून अंगठा फिरवला. अंगठा पिवळा झाला. माझ्या धुण्यानंतरही बाबा गुपचूप तूप-हळद लावतच होते, आणि बुरशी येईनाशी झाल्यानं घाईत मी टर्मिनलकडे नीट पाहिलंही नव्हतं. मी ओशाळून काही बोलणार, तोच तो म्हणाला, “ज्यानं हे लावलं त्यानं टर्मिनल वाचोले तुमचे. पण वायर काऊन नाई काहाडत? गाडी उभी असली तरी बॅटरी रिकामी होऊनच राह्यते.”

म्हणजे साधी गोष्ट होती. निघताना मायनसची वायर सोडून ठेवायची. गोठ्यातली ओल, जुन्या तारा, यातून करंट झिरपत होता. दोन मिनिटांचं काम, आणि मी दोन वर्षं बसच्या घाईत ते केलं नव्हतं. दोष मी तुपाला देत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात मी एकदाही वायर सोडायला विसरलो नाही. पोळ्यानंतर टर्मिनल पिवळी दिसली, ती धुतली नाहीत. बाबांनी ते पाहिलं.

तिसरा दसरा. माळ, नारळ, किल्ली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन धडधडलं. चुलतभावानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, “झालं,” एवढंच म्हणाले, आणि गोठ्याकडे वळले.

ट्रॅक्टर परत आत लावताना मला मागच्या भिंतीला बैलांच्या नाकात घालायच्या दोन नव्याकोऱ्या वेसणी टांगलेल्या दिसल्या. पोळ्यापासून बाबा रोज थोडा थोडा सुताचा पीळ घालत होते, चुलतभाऊ हळूच म्हणाला. बाजारात एक जोडीही पाहून ठेवली होती. म्हणजे तीन वर्षं ते बॅटरी बसण्याची वाट पाहत होते, आणि तीन वर्षं तिला तूपही लावत होते.

मला राहवलं नाही. “बाबा, जोडीच पाहिजे होती तं तूप काऊन लावलं?”

“गोठ्यातल्या जनावराचा खांदा कोरडा ठेवत नसतात,” ते म्हणाले.

मी जिंकलो होतो आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं. बाबांनी भिंतीवरून एक वेसण काढली. गोठा एका कोपऱ्यात गळायचा, म्हणून बॅटरीवर पोतं टाकलेलं असे. ते पोतं त्यांनी त्या वेसणीनं नीट बांधून टाकलं. दुसरी तशीच राहू दिली.

पुढे कितीतरी वर्षं तो ट्रॅक्टर चालला. बॅटरी उघडायची म्हणजे आधी वेसण सोडायची आणि काम झालं की पुन्हा बांधायची. मला ती गाठ कधी जमली नाही. मी निघायची तयारी करू लागलो की बाबा येत, माझी गाठ सोडत आणि आपली बांधत.