शिंकेची खूण
काल नातवाने माळ्यावरचं माझ्या मास्तरकीच्या दिवसांतलं एक जुनं पुस्तक उघडलं आणि तंबाखूचा वास नाकात शिरताच मी थेट निपाणीच्या हायस्कुलात जाऊन पोचलो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, मी नवा मास्तर होतो आणि पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या हेडमास्तरांच्या खिशात असत. ग्रंथपाल आप्पा तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातले. कसर लागू नये म्हणून ते पुस्तकांत तंबाखूची पानं ठेवत. इतिहासाची उत्तरं मुलांनी स्वतः पुस्तकांत शोधावीत, अशी गळ आम्ही दोघांनी हेडमास्तरांना घातली. "एक तास देतो. गोंधळ झाला तर कपाटं पुन्हा बंद," असं बजावून ते स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. मुलांनी पुस्तकं उघडली आणि एकजण शिंकला, मग दुसरा, मग अख्खा वर्ग. मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, पोरास्नी उत्तर घावलं न्हाय तर? म्हणून उत्तराच्या पानात जरा नवी तंबाखू कुस्करून घातली. लई झाली वाटतं." हेडमास्तर तरातरा पुढे आले, एका मुलाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, तीनदा शिंकले, आणि उघड्या पानावर नजर जाताच उभ्याउभ्याच वाचायला लागले. घंटा झाली तरी त्यांनी मान वर केली नाही. गेले तेव्हा पुस्तक त्यांच्या काखेत होतं आणि किल्ल्या आप्पांच्या टेबलावर. काल मीही शिंकलो आणि नातवाचा हात धरला, "थांब रं, पान उलटू नकोस. उत्तर इथंच असणार."