शिरेवरचे टाके

अब्बा बेंबळी गावात शिंपीकाम करायचे. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. मुंबईच्या दवाखान्यात कळलं, की मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ आहे आणि ती वाढत हृदयाकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली आहे.

"मूत्रपिंड काढावं लागेल," सर्जन म्हणाले. "शीर उघडून आतली गाठ ओढून घेऊ आणि शीर परत शिवू. धोका मोठा आहे, ओढताना गाठ तुटली तर तुकडा थेट हृदयात जाईल."

अम्मी रडायला लागली. अब्बांनी मात्र विचारलं, "साहेब, धागा कसला वापरता?"

"रेशमाचा."

"दाखवता का?"

सर्जननी खरंच धागा मागवला. अब्बांनी तो खिडकीशी नेऊन बोटांनी ताणून पाहिला.

"लई बारीक हाय, पण मजबूत हाय. टाके जवळजवळ घाला," असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

मी आणि मामूंनी रक्त दिलं. ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि दमून आमच्या शेजारीच बाकावर बसले.

"गाठ अख्खी निघाली," ते म्हणाले. "तुटली नाही."

अम्मीनं त्यांचे दोन्ही हात धरले.

अब्बा त्यानंतर अकरा वर्षं जगले. माझ्या निकाहात ते पाहुण्यांना स्वतः वाढत होते, आणि पुढं माझ्या लेकाला सायकलवर बसवून त्यांनी गावभर फिरवलं.