वरच्या पोर्टचा मान

बदनापूरजवळच्या एका वस्तीवर कौसल्या एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवते. कुठल्या लेकराचं वजन घटलं, हे तिला त्याच्या आईच्या आधी कळतं. घरात मात्र तिचं जेवण शेवटी, अंघोळ शेवटी आणि मोबाइल चार्जिंगला लावणंही शेवटी. असा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कसा, तेही कळत नव्हतं.

गेल्या महिन्यात तिचा नवरा रामप्रसाद जालन्याहून चार पोर्टचा, पासष्ट वॅटचा चार्जर घेऊन आला आणि घरातले जुने चार्जर भंगारवाल्याला देऊन मोकळा झाला.

"आता घरात भेदभाव न्हाई," त्यानं जाहीर केलं. "चौघांला बराबर करंट."

वरच्या पोर्टला त्याचा मोबाइल, दुसऱ्याला मुलीचा, प्रांजलीचा टॅब, तिसऱ्याला सासूबाईंचा, बायनाबाईंचा भजनाचा स्पीकर. चौथ्याला, भांडी घासून हात पुसल्यावर, कौसल्याचा मोबाइल. रात्री चार्जर चालू ठेवला तर घर पेटतं, असं बायनाबाईंचं ठाम मत होतं. म्हणून जे काय भरायचं ते सकाळी.

आणि तिचा मोबाइल काही भरेना. लेकरांची वजनं अ‍ॅपवर चढवताना तो दोनदा मधेच बंद पडला. तिसऱ्यांदा असं झालं तर लेखी नोटीस, असं पर्यवेक्षिकाबाईंनी बजावलं होतं. आज पुन्हा वजनाचा दिवस होता. सव्वाआठ वाजले, मोबाइल चौदा टक्क्यांवर.

"आगं, तुझा मोबाइलच म्हातारा झाला," रामप्रसाद म्हणाला. "चार्जर बिलकुल ओके हाय."

कौसल्यानं प्रांजलीला चार्जरचा खोका वाचायला लावला.

"आई, एकटाच लावला तर वरच्याला पासष्ट. चारी लावले की वरच्याला पस्तीस, दुसऱ्याला वीस आणि खालच्या दोघांत मिळून दहा."

"तुझ्या पप्पांचा तर कव्हाच शंभर झाला. त्यांचे पस्तीस जातेत कुठं?"

"कुठंच न्हाई. वायर लावलेली हाय तवर त्यांचा वाटा तसाच राखून ठेवतो हा."

कौसल्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पोट भरल्यावरही ताटावरून न उठणाऱ्या माणसांना ती लग्नापासून वाढत आली होती. तिनं वरची वायर उपटली. त्यासरशी सगळ्यांचंच चार्जिंग क्षणभर तुटलं आणि वाजता स्पीकर थांबला; कुणी आलं-गेलं की चार्जर वाटणी पहिल्यापासून करतो.

"कौसल्या, माझं भजन बंद पडलं!" आतून बायनाबाई.

"आत्याबाई, भरलाय तुमचा स्पीकर. हिरवा लाइट लागलाय."

"भरला म्हून काय झालं? ती जागा त्याची हाय!"

रामप्रसाद टॉवेल खांद्यावर टाकून आला. "माझा कामून काढला?"

"शंभर झाल्ता."

"मंग राहू द्यायचा. काही खात होता का तो?"

"खात न्हाई, पण पाट अडवून बसतो."

त्यानं वायर पुन्हा वरच्या पोर्टला खुपसली आणि अंघोळीला गेला. कौसल्यानं घड्याळाकडं पाहिलं. नऊला बाया लेकरं घेऊन येणार. मग तिनं एकेक वायर सोडवली, चार्जरच भिंतीतून काढला आणि रजिस्टरासोबत पिशवीत टाकला.

अंगणवाडीत वरच्या पोर्टला तिचा मोबाइल एकटाच. खिचडी शिजेपर्यंत तो साठाच्या पुढं गेला. बारापर्यंत सव्वीस लेकरांची वजनं चढली, पाच राहिली. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. सकाळभर व्हिडिओ पाहून रामप्रसादचा मोबाइल नऊ टक्क्यांवर आला होता. खिशात वायरींसकट आईचा स्पीकरही होता.

"चार्जर दे, जल्दी."

"काम चालू हाय. इथंच लावा," कौसल्या म्हणाली. "चौथ्याला. तिसऱ्याला आत्याबाईंचं भजन."

रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. रामप्रसाद लेकरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसला. पाव तासानं मोबाइल पाहून ओरडला, "आगं, चारच टक्के वाढले की!"

कौसल्यानं शेवटचं लेकरू काट्यावर ठेवलं, आकडा मोबाइलवर चढवला आणि मगच वळून पाहिलं.

"तुमचा मोबाइल म्हातारा झाला असंल."