शिंपले आणि यशोदाबाईंचं घंगाळ

आमच्या कुरुळीच्या बिल्डिंगमध्ये बातमी अशी होती की, दुसऱ्या मजल्यावरची रश्मी इंद्रायणीतून मोती काढते आणि गुपचूप विकते. मी ती फक्त तीन घरांत सांगितली. चौथं दार रश्मीनेच उघडलं.

मोतीबिती काही नाही. पोरगी चाकणच्या एका प्रयोगशाळेत कामाला. कारखान्यांचा नाला नदीला मिळतो तिथे ती जाळीच्या पिंजऱ्यात शिंपले टांगते. प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीसाठी पाण्याची बाटली भरायला येतात त्या दिवशी नाला एकदम सज्जन. घाण सुटते ती साहेबांची जीप वळल्यावर. शिंपला मात्र रजा घेत नाही. येईल ते पाणी गाळत बसतो आणि त्यातलं तांबं, निकेल अंगात साठवतो. आठ आठवड्यांनी त्याचं मांस तपासलं की नाल्याची लबाडी उघडी. कारखान्यांविरुद्धची तिची मागची तक्रार ‘पुरावा नाही’ म्हणून परत आली होती. या खेपेला तिची सगळी भिस्त चाळीस शिंपल्यांवर.

तपासणीआधी पोटातला गाळ निघून जायला त्यांना दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवावं लागतं. पण गुरुवारी आमच्या पट्ट्यात लाईट बंद, म्हणून प्रयोगशाळाही बंद. रश्मीने बादली घरी आणली, वास येतो म्हणून गॅलरीत ठेवली आणि रिकामे पिंजरे धुवायला नदीवर गेली.

गॅलरीला गॅलरी लागून असलेल्या शेजारच्या यशोदाबाईंना कळवळा आला. मुके जीव, आणि प्लास्टिकच्या बादलीत! त्यांनी चिंच लावून लखलखीत घासलेलं तांब्याचं घंगाळ काढलं आणि सगळे शिंपले त्यात सोडले.

संध्याकाळी रश्मीने ते पाहिलं आणि घंगाळापाशीच खाली बसली.

“आगं, तांब्यातलं पानी गुनाचं असतंय,” यशोदाबाई म्हणाल्या. “आमचं मालक रोज अनशापोटी पित्यात.”

“काकू, मी त्यांच्यातलं तांबंच मोजणार होते हो!”

“मंग बरंच झालं की!”

रश्मीने कपाळावर हात मारला. दोन महिने ती गुडघाभर चिखलात उतरत होती. नखांतला काळा गाळ अजून निघाला नव्हता. मला राहवेना. म्हटलं, “चिडतेस कशाला? आता तर भरपूर तांबं निघेल. घाल नाल्याच्या नावावर. कोणाला कळतंय?”

ती उठली, घंगाळ उचललं आणि म्हणाली, “मला कळतंय, काका. हे चाळीस बाद. उद्यापासून परत आठ आठवडे. या वेळी मी गॅलरीला कुलूप लावते, तुम्ही तोंडाला लावा.”