कापसाच्या ढिगावरचा फोन

प्रयोगशाळेत कापसाचं बंडल उघडलं की मला आमचं गावाकडचं, जानेफळचं घर आठवतं. तिथे एकदा मी समोरच्या खोलीत भरलेल्या कापसाच्या ढिगावर लॅपटॉप घेऊन बसले होते, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळायची. आमच्या औषधाच्या रेणूतलं एक वलय हृदयाला घातक ठरत होतं. ते बदलायला कच्चा माल एकाच प्रयत्नापुरता उरला होता. चुकलं तर माझं संशोधन तिथेच थांबणार होतं. माझ्या मार्गदर्शक सरांना त्या वलयावर फ्लोरिन बसवायचं होतं. पण इतर रेणूंमध्ये आधी केलेल्या अशाच बदलांचे आकडे सांगत होते की त्याने धोका टळत नाही, नायट्रोजन असलेलं वलय बसवलं तर टळतो. फोनवर सर वाट पाहत होते आणि त्यांना 'नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

दारात कापूस न्यायला आलेला गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. "काका, भरता का जाऊ दुसरीकडं?"

"थांब ना बे! पोरगी बसून राह्यली त्याच्यावर. तिले बोलू दे," बाबा म्हणाले.

मी एका दमात बोलून टाकलं.  मग सर म्हणाले, "आकडे पाठव. तू म्हणतेस तेच करू."

तेव्हा वाटलं, धाडस मी केलं. आता कळतं, वर्षभराचा कापूस न्यायला आलेली गाडी दारात थांबवून बाबा माझ्याआधीच कुणाला तरी 'नाही' म्हणाले होते.