चौघांपैकी कुणाला टोचलं?

खालापूरकडच्या आमच्या आसऱ्यात मदाऱ्यांकडून आणि घराघरांतल्या साखळ्यांतून सोडवून आणलेली माकडं राहतात. आदल्या वर्षी तारेने पाय कापलेला एक नर तिथे धनुर्वाताने गेला. जबडा मिटलेला, पाठ कमानीसारखी ताणलेली; पत्र्यावर कावळा उतरला तरी अंगभर झटका. म्हणून यंदा लस देताना मला एकही चूक नको होती.

ती मीच होऊ दिली.

पिंजऱ्याची मागची भिंत पुढे सरकवून माकड जाळीशी आणायचं, डॉक्टरांनी मांडीत टोचायचं, मी वहीत लिहायचं, असं ठरलं होतं. म्हाताऱ्या माकडिणी ओळखू येत. एकीच्या गळ्याभोवती दोरीचा वण, दुसरीचं तोंड बोळकं. आयांच्या पोटांना बिलगलेली तान्ही डॉक्टरांनी आज वगळली. प्रश्न होता वर्षभराच्या चौघांचा. चौघंही वाळल्या गवताच्या एकाच रंगाची. त्यांची देखभाल करणारे काका जवळच्याच गावचे शेतकरी. ते म्हणाले, "लिवता कशाला, ताई? टोचलं की पाठीवर रंग. बकऱ्यांना आमी असंच करतो."

मला ते सोयीचं वाटलं. दोघांना टोचलं, पाठींवर गुलाबी रेघा ओढल्या आणि आम्ही जेवायला गेलो.

परतलो तो चौघंही गुलाबी. एकमेकांच्या केसांत बोटं घालून त्यांनी तो रंग पाठीवरून पोटांवर, पोटांवरून गालांवर मायेने वाटून घेतला होता. त्यातल्या एकीचा तळवा फाटलेला दिसला. ओल्या जखमेत जाळीच्या गंजाचा कीस.

"काका, बकऱ्या एकमेकींच्या उवा काढतात का हो?"

"नाय," ते गंभीरपणे म्हणाले, "बकरीला बोटं कुठं हायत?"

डॉक्टर हसले. मला हसू येईना. "हिला टोचलंय का, तेवढं सांगा."

"टोचलं असंल. नसंल बी."

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा टोचलं तर मांडी दुखेल, एवढंच. पण राहून गेलं असेल तर..." त्यांनी तळव्याकडे पाहिलं. "हिला आत्ताच देऊ. बाकीच्यांचं मी पुन्हा येऊन बघतो."

पण ती एव्हाना शहाणी झाली होती. केळं दाखवलं, गूळ दाखवला. ती छताला लटकून आमच्याकडे पाहत राहिली. तासभर माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि लसीच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी होत होतं. अखेर काकांनी उकडलेल्या शेंगा पुढे केल्या. "ये गं बाय, ये. या ताईकडं नको बगूस." ती उतरली, भिंत सरकली. जखम धुताना आणि सुई शिरताना फुटलेली तिची किंकाळी माझ्या दातांत कितीतरी वेळ शिवशिवत होती.

त्यानंतर रोज सकाळी मी भिजवलेला हरभरा घेऊन तिचा जबडा बघायला जाई. ती काकांच्या हातून खाई, आणि मी आले की पाठ फिरवी. एवढी धडपड करून वर हा रुसवा! दोन आठवड्यांनी, तळवा भरत आला तेव्हा, ती आपण होऊन जाळीशी आली, माझ्या हातातला दाणा तिने हिसकावला आणि त्यासोबत माझं बोटही कडकडून चावलं.

मी रुमालात बोट दाबून डॉक्टरांना फोन लावला.

"जबडा पूर्ण उघडतो तिचा," मी म्हटलं.

"वा! कशावरून?"

मी सांगितलं.

"बोट साबणाने धुवा," ते म्हणाले, "आणि लगेच दवाखाना गाठा. टोचून घ्यावं लागेल."